नऊ मिनिटं

ऊन उतरावं म्हणून मॅच साडेचारला ठेवलेली.
दुपारी परभणीत त्रेचाळीस होतं,
फक्कीच्या रेघेवर पाय पडला तर बुटातून कळायचं.
साडेचारला ऊन उतरलं खरं,
वसमतच्या बाजूनं दुसरंच काही वर चढलं,
जांभळं, जड,
कडेला तांब्याची किनार.

चौदा वर्षांखालच्या मुली.
आमची एक, गंगाखेडची शून्य.
तो एक माझ्या शिवकन्येचा, डाव्या पायाचा.
नऊ मिनिटं उरली होती.

तेव्हा लांब काहीतरी घरंगळलं,
कुणी गच्चीवर रिकामं पिंप ढकलावं तसं.
खाजा सरांनी शिट्टी मारली.
ना फाऊल, ना आऊट.
दोन्ही हात वर करून म्हणाले, सगळ्या आत.

लिंबाखाली पळाल्या चारपाच जणी.
तिथं नाही, तिथं नाही! सर एवढे ओरडलेले
मी कधी ऐकले नव्हते.
शाळेच्या वर्गात आमच्या, काचा वर करून
क्रूझरमध्ये गंगाखेडच्या.
शेवटचा गडगडाट झाल्यावर तीस मिनिटं, ते म्हणाले,
आणि घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं.

तीस मिनिटं!
आमची लेकरं काय मेणाची हायेत का, कुणीतरी म्हणालं.
बिडवे सेक्रेटरी कप पेपरात गुंडाळून फिरत होते,
सायेब सहाला येणार, सर, मंडपवाला थांबत नाही.
क्रूझरच्या ड्रायव्हरला रात्री दुसरं भाडं होतं.
पाऊस तर एक थेंब नव्हता.
आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा,
अहो सर, नऊच मिनिटं! खेळू द्या की!
मैदानाची लोखंडी जाळी
दोन्ही हातांनी घट्ट धरून.

मी. सतरा वर्षं महावितरणला.
परमिट हातात आल्याशिवाय पोलला हात न लावणारा,
लाईन बंद आहे हे कुणाच्या तोंडावर न मानणारा,
डिस्चार्ज रॉड टाकून, मग पुन्हा टेस्टर लावणारा.

वर्गात मुली मोठ्यानं मोजत होत्या.
चौदाव्या मिनिटाला पुन्हा घरंगळलं.
पुन्हा एकपासून.
बाविसाव्याला पुन्हा.
एव्हाना त्यांना त्यातच मजा यायला लागली होती.

अयोध्या घुगे म्हणून एक बाई, गंगाखेडच्या गोलकीपरची आई,
क्रूझरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.
आमच्या पोरी हरल्या म्हणून लिहून घ्या, म्हणाली,
पण हे दार आता उघडायचं नाही.
सर म्हणाले, बाई, तुम्हीपण आत बसा.
ती बसली.
मग बोलायला कुणाकडे फारसं राहिलं नाही.
मी जाळी सोडली. कधी सोडली, आठवत नाही.

अंधार पडला. सायेब आलेच नाहीत.
कप कुणाचा ते पुढच्या रविवारी ठरवू, बिडवे म्हणाले,
आणि पेपर पुन्हा गुंडाळला.
वीज मैदानावर पडली नाही.
कुठंच काही झालं नाही.
लोक खाजा सरांकडे न बघता गाड्या काढू लागले.

गाडीवर मागं बसून शिवकन्या गुडघ्याची माती खरवडत होती.
पप्पा, तुम्ही काहून ओरडत होते?
रेल्वेफाटक बंद होतं.
मी गाडी वाजवीपेक्षा जास्त वेळ बंद करून ठेवली.

पावणेनऊला फोन. फीडर ट्रिप.
मैदानाच्या मागचा तिसरा पोल,
वरचा इन्सुलेटर फुटून काळा झालेला.
कधी फुटला, ते चिनीमाती सांगत नाही.
पाच वीसला, का आठला.
बॅटरीच्या उजेडात जाळी दिसत होती,
मी धरली होती ती जागा दिसत होती
किंवा मला तसं वाटलं.

परमिट घेतलं. नंबर लिहिला.
परत फोन लावून विचारलं, लाईन बंद आहे ना?
आणि एकदा विचारलं.
ऑपरेटर हसला,
आज काय झालंय तुम्हाला?

काही नाही, म्हणालो.